पिशवी, टॅग आणि पावती : टर्मिनलवरून सॉफ्टवेअर बसविण्याची आणि काढण्याची रीत

मृग नक्षत्र जवळ आले की जालन्याच्या मोंढ्यातील बियाण्यांच्या दुकानांसमोर गर्दी होऊ लागते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ची स्थापना केली आणि पुढे या शहराची ओळखच बियाण्यांचे गाव अशी झाली. बियाणे कसे घ्यावे हे येथील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पिशवी सीलबंद आहे का, टॅग कोणत्या रंगाचा आहे, लॉट क्रमांक पावतीवर उतरविला आहे का, एवढे तो पाहतोच. कृषी खातेही दर हंगामात हेच बजावते, की पिशवी, टॅग, पावती आणि पिशवीतले थोडे बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. उगवण झाली नाही, तर दाद मागायला तेवढाच पुरावा हाती असतो.

याच घरातील मुलगा किंवा मुलगी संगणकावर एखादे सॉफ्टवेअर बसवायला बसते, तेव्हा मात्र ही सारी दक्षता बाजूला पडते. शोधयंत्रात नाव टाकायचे, समोर येईल त्या संकेतस्थळावरून फाइल उतरवायची आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करीत मोकळे व्हायचे. फाइल कोणी तयार केली, तिच्यासोबत आणखी काय आले, उद्या ती काढायची झाल्यास काय मागे राहील, याचा विचार क्वचितच होतो. लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीत सॉफ्टवेअर बसविण्याची मूळ रीत याहून वेगळी आहे. ती मोंढ्यातील रीतीच्या बरीच जवळ जाते. तेथेही पिशवी असते, टॅग असतो आणि पावतीही असते. फक्त हा सारा व्यवहार टर्मिनल नावाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून होतो, आणि त्या पडद्याचेच अनेकांना भय वाटते.

हे भय दूर होण्याची गरज आता पूर्वीपेक्षा अधिक आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे शाळा, महाविद्यालये, पतसंस्था, झेरॉक्सची दुकाने आणि घरे यांतील कितीतरी धडधाकट संगणक केवळ वयामुळे नव्या प्रणालीला अपात्र ठरतात. असे यंत्र भंगारात न काढता वापरात ठेवायचे, तर लिनक्स हा एक रास्त पर्याय आहे. दुसरे कारण अभ्यासक्रमाचे. राज्यात २०१९ मध्ये आलेल्या अकरावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाच्या पाठ्यपुस्तकात पोस्टग्रेएसक्यूएल ही माहितीसाठा प्रणाली आणि वाणिज्य शाखेसाठी ‘जीएनयूखाता’ हे भारतात तयार झालेले हिशेबाचे सॉफ्टवेअर यांना स्थान मिळाले. ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर असून लिनक्सवर चालतात. केंद्र सरकारच्या सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्सही डेबियन या लिनक्सवरच आधारलेली आहे. त्यामुळे पुढील माहिती मुख्यत्वे डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट आणि बॉस या एका कुळातील प्रणालींना लागू पडते.

पॅकेज म्हणजे काय

पॅकेज म्हणजे एक बांधलेली फाइल. तिच्यात प्रत्यक्ष सॉफ्टवेअर असतेच, शिवाय एक चिठ्ठीही असते. पॅकेजचे नाव, आवृत्ती, ते कोण सांभाळतो, त्याला चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजे लागतात आणि कोणत्या पॅकेजाशी त्याचे जमत नाही, हे सारे त्या चिठ्ठीत नमूद असते. डेबियन कुळात अशा फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डेब’ असते, तर रेड हॅट कुळात ‘आरपीएम’.

इयन मर्डॉक यांनी डेबियन प्रकल्पाची घोषणा ऑगस्ट १९९३ मध्ये केली. त्याआधी, आणि त्यानंतरही काही काळ, लिनक्सवर सॉफ्टवेअर बसविणे म्हणजे मूळ आज्ञावली आणून आपल्याच यंत्रावर ती बांधून घेणे असे. बांधलेली पॅकेजे आल्यावर काम हलके झाले, पण नवी अडचण उभी राहिली. एक पॅकेज बसवायला जावे तर ते दुसरे मागे, दुसरे तिसऱ्याचे नाव सांगे आणि तिसरे नेमके हाताशी नसे. भारतात तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून, मिनिटांच्या हिशेबाने येई. ‘पीसी क्वेस्ट’सारख्या इंग्रजी मासिकासोबत येणाऱ्या सीडीवर जे असेल तेवढेच आपले, अशी स्थिती होती. पुढे उबुंटूच्या पुरस्कर्त्यांनी २००५ पासून २०११ पर्यंत जगभर टपालाने मोफत सीडी पाठविल्या. लहान गावांतील अनेकांची लिनक्सशी पहिली भेट अशाच पाकिटातून झाली.

पॅकेजांच्या या परस्परावलंबनाचा गुंता सोडविला तो ‘ॲप्ट’ने. मार्च १९९९ मध्ये आलेल्या डेबियन २.१ या आवृत्तीत ॲप्ट प्रथम समाविष्ट झाले. एका पॅकेजचे नाव सांगितले की त्याला लागणारी सारी पूरक पॅकेजे शोधून, योग्य क्रमाने उतरवून आणि बसवून देण्याचे काम ते स्वतः करते. प्रत्यक्ष फाइल उघडून जागच्या जागी ठेवणारा कामगार ‘डीपीकेजी’ वेगळा. ॲप्ट हा त्याच्यावरचा मुकादम. हा फरक लक्षात ठेवला तर पुढे अडचण आल्यावर कोणाला हाक मारायची हे कळते.

बसविताना

येथे आज्ञांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांतच लिहाव्या लागतात. ‘सुडो’ म्हणजे एस, यू, डी, ओ ही चार अक्षरे. ‘ॲप्ट’ म्हणजे ए, पी, टी. पुढील शब्द नेहमीच्या इंग्रजी शब्दलेखनानुसार लिहावेत आणि दोन शब्दांमध्ये एक जागा सोडावी.

पहिली आज्ञा ‘सुडो ॲप्ट अपडेट’. सुडो या शब्दाने ‘हे काम प्रशासकाच्या अधिकाराने कर’ असे संगणकाला सांगितले जाते. त्यानंतर पासवर्ड विचारला जातो. तो लिहिताना अनेक प्रणालींत पडद्यावर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. यामुळे कळफलकच बिघडला असे समजून पहिल्याच पायरीवर थांबणारे बरेच असतात. पासवर्ड लिहून एंटर दाबावे, एवढेच. अपडेट या आज्ञेने कोणतेही सॉफ्टवेअर नवे होत नाही; भांडारात आज काय उपलब्ध आहे याची यादी तेवढी ताजी होते. मोंढ्यात जाण्यापूर्वी आजचे भाव विचारून घ्यावेत, तसे हे. बसलेले सॉफ्टवेअर खरोखर नव्या आवृत्तीवर न्यायचे असेल, तर त्यानंतर ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ ही दुसरी आज्ञा द्यावी लागते.

हवे ते पॅकेज ‘ॲप्ट सर्च’ने शोधता येते आणि ‘ॲप्ट शो’ने त्याची चिठ्ठी वाचता येते. या दोहोंना सुडो लागत नाही, कारण त्यांत यंत्रावर काहीच बदलत नाही. चित्रांवर संस्करण करणारे गिम्प हवे असेल, तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल गिम्प’ एवढे लिहिले की पुरते.

एंटर दाबल्यावर जे पडद्यावर येते ते वाचणे हा या साऱ्या व्यवहाराचा गाभा आहे, आणि नेमके तेच कोणी वाचत नाही. ॲप्ट लगेच काम सुरू करीत नाही. पूरक पॅकेजे लागणार असतील तर ते आधी सांगते, की अमुक नवी पॅकेजे येतील, अमुक बदलली जातील, अमुक काढली जातील, इतके उतरवावे लागेल आणि चकतीवर इतकी जागा व्यापली जाईल. मग ते होकार विचारते. काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी कोरी असेल तर बहुधा निश्चिंतपणे ‘वाय’ दाबावे. तिच्यात काही नावे दिसली, विशेषतः ‘डेस्कटॉप’ हा शब्द असलेली, तर ‘एन’ दाबून थांबावे आणि आधी कारण शोधावे.

या यादीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे उदाहरण नोव्हेंबर २०२१ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. कॅनडातील प्रसिद्ध तंत्रज्ञान यूट्यूबकर्ते लायनस सेबॅस्टियन यांनी उबुंटूवर आधारलेल्या ‘पॉप ओएस’वर स्टीम हे खेळांचे पॅकेज टर्मिनलवरून बसविण्याचा प्रयत्न केला. त्या वेळी भांडारातील पॅकेजांच्या आवृत्तींत विसंगती होती. ॲप्टने बजावले, की हे बसवायचे तर प्रणालीसाठी आवश्यक पॅकेजे काढावी लागतील, आणि तसे खरोखर हवे असल्यास ‘हो, मी सांगतो तसेच कर’ या अर्थाचे पूर्ण इंग्रजी वाक्य लिहून द्या. त्यांनी ते लिहिले आणि संगणकाचा चित्रमय पडदाच नाहीसा झाला. चूक भांडाराची होती हे खरे. पण काय होणार हे यंत्राने आधीच सांगितले होते, हेही तितकेच खरे. त्यानंतर ॲप्टच्या विकासकांनी आवश्यक पॅकेजे अशा एका वाक्याच्या जोरावर काढता येऊ नयेत अशी दुरुस्ती केली.

मनात शंका असेल तर रंगीत तालीम करता येते. इन्स्टॉल या शब्दानंतर आडवी रेघ आणि तिला जोडून ‘एस’ लिहिले की ॲप्ट सारे काम केवळ कागदोपत्री करून दाखविते, प्रत्यक्षात काहीच हलवीत नाही.

मराठीसाठीची पॅकेजेही याच भांडारात आहेत आणि ती पुरेशी परिचित नाहीत. ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ या पॅकेजात लोहित हा देवनागरी टंक मिळतो. ‘लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर’ने लिब्रेऑफिसचे पर्याय मराठीत दिसू लागतात, ‘ॲस्पेल-एमआर’मध्ये मराठी शब्दलेखन तपासण्याचा कोश आहे आणि ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ छापील मराठी पानाच्या चित्रातून मजकूर ओळखते. ‘आयबस-एम१७एन’ने इनस्क्रिप्ट तसेच उच्चारानुसारी पद्धतीने टंकलेखन करता येते. ॲप्टच्या स्वतःच्या संदेशांचाही मराठी अनुवाद स्वयंसेवकांनी केलेला आहे. त्यातील काही वाक्यांचे मराठी कार्यालयीन परिपत्रकाची आठवण करून देते. पण नवख्याला इंग्रजी इशाऱ्यापेक्षा ते बरे.

टॅग कोण लावतो

बियाण्याच्या टॅगचा रंग काही सांगतो. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणित बियाण्याला निळा. पॅकेजाच्या बाबतीत हे काम डिजिटल स्वाक्षरी करते. डेबियनच्या भांडारात सर्व पॅकेजांची एक यादी असते. यादीत प्रत्येक फाइलचा गणिती ठसा नोंदविलेला असतो आणि या यादीच्याही ठशावर भांडारचालकांची स्वाक्षरी असते. फाइल उतरली की ॲप्ट तिचा ठसा काढून यादीशी ताडून पाहते. वाटेत कोणी एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही आणि फाइल नाकारली जाते. ही तपासणी डेबियनमध्ये २००७ च्या ४.० या आवृत्तीपासून रूढ आहे. त्यामुळे फाइल कोणत्या विद्यापीठाच्या किंवा कंपनीच्या सर्व्हरवरून आली याला फारसे महत्त्व उरत नाही; स्वाक्षरी कोणाची, हा प्रश्न महत्त्वाचा.

मात्र टॅग खरा असूनही पिशवीत खोट निघू शकते, हे मार्च २०२४ मध्ये दिसून आले. ‘एक्सझेड’ ही फाइली दाबून लहान करणारी उपयुक्त प्रणाली जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्तींत कोणीतरी चोरदरवाजा बसविला होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने, किंवा गटाने, दोनेक वर्षे चोख काम करून प्रकल्पाच्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास मिळविला होता. दुरून यंत्रात प्रवेश देणाऱ्या एसएसएच सेवेत त्या दारातून शिरकाव करता आला असता. मायक्रोसॉफ्टमधील अभियंते आणि पोस्टग्रेएसक्यूएलचे एक विकासक आंद्रेस फ्रॉइंड हे डेबियनच्या चाचणी अवस्थेतील आवृत्तीवर वेगाची मोजमापे घेत होते. एसएसएचचा प्रवेश सुमारे अर्ध्या सेकंदाने रेंगाळतो आहे, हे त्यांच्या नजरेस आले. ते मुळाशी गेले आणि २९ मार्च रोजी प्रकार उघडकीस आला.

खोट येथे दुकानात नव्हती, वाहतुकीत नव्हती. पायाभूत बियाण्याच्या शेतातच होती. भांडाराने लावलेली स्वाक्षरी अस्सल होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पॅकेज पोहोचले नाही, कारण नवी पॅकेजे आधी चाचणीच्या आवृत्तींत मुरवत ठेवण्याचा तेथे शिरस्ता आहे. ‘डेबियनमध्ये सारे जुनेच मिळते’ अशी तक्रार तरुण वापरकर्ते नेहमी करतात. त्या जुनेपणाने त्या वेळी राखण केली.

वहीबाहेरचा माल

डीपीकेजीजवळ एक वही असते. कोणते पॅकेज बसले, कोणती आवृत्ती, त्याच्या कोणत्या फाइली कोठे ठेवल्या, ते वापरकर्त्याने मागितले म्हणून आले की दुसऱ्याची गरज म्हणून, याची नोंद यंत्रात राहते. पॅकेजांची मुख्य नोंदवही साधी मजकुराची फाइल असून कोणालाही उघडून वाचता येते. जोवर सारा माल या वहीतून आत येतो, तोवर तो वहीवरून बाहेरही काढता येतो. अडचण सुरू होते ती वहीबाहेरच्या मालाने.

यातला सर्वांत सौम्य प्रकार म्हणजे एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरविलेली डेब फाइल. ती जेथे आहे त्या फोल्डरमध्ये जाऊन ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ लिहावे आणि फाइलच्या नावाआधी टिंब व तिरपी रेघ द्यावी. मग ॲप्ट तिची पूरक पॅकेजे भांडारातून आणते आणि नोंदही होते. नोंद झाली तरी भांडाराची स्वाक्षरी तिच्यावर नसते, तेव्हा ती फाइल मूळ कंपनीच्याच संकेतस्थळावरून घेतली आहे ना, याची खात्री स्वतः करावी लागते.

त्याहून धोक्याचा प्रकार म्हणजे ‘ही एक ओळ टर्मिनलवर चिकटवा’ हा सल्ला. ती ओळ इंटरनेटवरून एक आज्ञापत्रिका आणते आणि न दाखविता प्रशासकाच्या अधिकाराने चालवून टाकते. काही नामवंत प्रकल्पही हीच रीत सुचवितात, म्हणून ती निर्धोक ठरत नाही. सुटे बियाणे ओंजळीने घेऊन पेरावे, त्यातला हा प्रकार. पिशवी नाही, टॅग नाही, आणि काढायची वेळ आली तर वहीत नावही नाही.

पायथन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आणखी एक अनुभव येतो. पायथनचे स्वतःचे ‘पिप’ हे वेगळे साधन आणि वेगळे भांडार आहे. पिप आणि ॲप्ट एकाच जागी फाइली ठेवू लागले की दोन कारकुनांनी एकाच वहीत लिहावे तसा गोंधळ होतो. म्हणून २०२३ मधील डेबियन १२ पासून मुख्य प्रणालीत पिपने काही बसवायला गेल्यास नकार मिळतो. तो नकार मोडून काढण्याचा पर्यायही संदेशात दिलेला असतो आणि घाईत पुष्कळ जण तोच वापरतात. त्याऐवजी ‘वेन्व्ह’ने प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र कप्पा करावा. प्रकल्प संपला की कप्पा पुसला, इतके ते सोपे आहे.

काढताना

‘सुडो ॲप्ट रिमूव्ह’ आणि पुढे पॅकेजचे नाव, एवढ्याने पॅकेज निघते. मात्र प्रणालीच्या पातळीवरील मांडणीच्या फाइली मागे राहतात. उद्या तेच पॅकेज पुन्हा बसविले तर जुनी मांडणी परत मिळावी, हा त्यामागचा हेतू. ‘रिमूव्ह’ऐवजी ‘पर्ज’ म्हटले तर त्या फाइलीही जातात. वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरातील खासगी मांडणी, टिंबाने सुरू होणाऱ्या नावांची लपलेली फोल्डरे, यांना दोन्ही आज्ञा हात लावीत नाहीत. ती हवी तर स्वतः पुसावी लागतात.

पॅकेजासोबत आलेली पूरक पॅकेजे त्याच्या जाण्याने आपोआप जात नाहीत. ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा कोणालाही न लागणारी अशी पॅकेजे वहीतून शोधून काढते. जागा मोकळी करण्यासाठी ती चांगली. पण तिची यादीसुद्धा वाचूनच होकार द्यावा. कधी कधी एखादे लहान पॅकेज काढताना सारा डेस्कटॉप एकत्र बांधणारे पोकळ पॅकेज त्यासोबत जाते आणि मग डेस्कटॉपचे अनेक भाग ‘आता कोणाला नको’ असे गणले जातात. त्यातील एखादे हवे असेल, तर ‘सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ आणि पॅकेजचे नाव लिहून ते ‘मी मागितलेले’ म्हणून नोंदविता येते.

सर्वांत जपून राहावे ते माहितीसाठ्याच्या बाबतीत. अकरावी-बारावीचे विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी पोस्टग्रेएसक्यूएल बसवितात, कोठे तरी पासवर्ड चुकतो, आणि ‘काढून पुन्हा टाक’ असा सल्ला मिळतो. डेबियनमध्ये ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ या नावाचे पॅकेज स्वतः सर्व्हर नव्हे. ते आवृत्तीचा क्रमांक जोडलेल्या खऱ्या पॅकेजाकडे बोट दाखविते. उदाहरणार्थ, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ती १७ वी आवृत्ती आहे. त्यामुळे नुसते नावाचे पॅकेज काढले तरी सर्व्हर जागेवरच राहतो आणि चुकलेला पासवर्डही. मग वैतागून आवृत्तीच्या पॅकेजावर ‘पर्ज’ चालविले जाते. त्या वेळी माहितीची फोल्डरेही काढायची का, असा प्रश्न पडद्यावर येतो आणि होकारच आधीपासून निवडलेला असतो. एंटर दाबले की वर्षभर तयार केलेली सारी कोष्टके गेली. ॲप्टपाशी कचऱ्याची टोपली नाही. तेथून काही परत उचलता येत नाही. म्हणून पर्ज करण्यापूर्वी ‘पीजी_डम्पऑल’ या आज्ञेने संपूर्ण माहितीची प्रत काढून ती पेन ड्राइव्हवर ठेवावी. बिघाड केवळ पासवर्डचा असेल तर काढाकाढीची गरजच नसते; पासवर्ड बदलण्याची सोय पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आहे.

रेड हॅट आणि फेडोरा या कुळात हेच काम ‘डीएनएफ’ करते; २०१५ मध्ये फेडोरा २२ पासून त्याने जुन्या ‘यम’ची जागा घेतली. इन्स्टॉल आणि रिमूव्ह हे शब्द तेच आहेत. ‘डीएनएफ हिस्टरी अंडू’ लिहून झालेला एखादा व्यवहार उलटा फिरविता येतो, आणि रिमूव्ह करताना निरुपयोगी झालेली पूरक पॅकेजेही ते सोबत काढते. या दोन बाबतींत ते वापरकर्त्याला अधिक सांभाळून घेते, असे म्हणावे लागते.

वीज गेली, नेट नाही

ग्रामीण भागात हा सारा व्यवहार दोन गोष्टींवर अडतो. पॅकेज बसत असताना वीज गेली तर डीपीकेजीचे काम अर्धवट राहते आणि पुढील प्रत्येक आज्ञेला ॲप्ट तक्रार करू लागते. अशा वेळी प्रणाली नव्याने टाकण्याची गरज नसते. ‘सुडो डीपीकेजी’ लिहून जागा सोडावी, दोन आडव्या रेघांना जोडून ‘कॉन्फिगर’ आणि पुन्हा जागा सोडून एका आडव्या रेघेला जोडून ‘ए’ लिहावे. अर्धवट राहिलेली मांडणी तेथून पुढे पूर्ण होते. तरीही काही उरले, तर ‘सुडो ॲप्ट’नंतर दोन रेघांना जोडून ‘फिक्स-ब्रोकन’ आणि मग ‘इन्स्टॉल’. ‘कुलूप मिळाले नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर बहुधा पार्श्वभूमीवर आपोआप सुधारणा सुरू असतात. काही मिनिटे थांबावे. कुलपाची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नये. एकाच वेळी दोघांनी वहीत लिहू नये म्हणूनच ते कुलूप असते.

इंटरनेटच नसेल तर ‘ॲप्ट-ऑफलाइन’ हे साधन उपयोगी पडते. मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील एखाद्या शाळेचा संगणक नेटशी जोडलेला नाही, असे समजा. त्या संगणकावर काय हवे आहे याची मागणीपत्रिका हे साधन तयार करून देते. ती पेन ड्राइव्हवर घेऊन जालन्यातील नेट असलेल्या संगणकावर सारी पॅकेजे उतरवायची आणि परत येऊन बसवायची. तालुक्याची यादी घेऊन बाजार करून यावा, तसेच. अट एवढीच, की हे साधन नेट नसलेल्या यंत्रावर आधीच बसविलेले असावे. प्रयोगशाळेत २०-२५ संगणक असतील, तर एका यंत्रावर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवावे. पहिल्या संगणकाने एकदा उतरविलेले पॅकेज ते जपून ठेवते आणि उरलेल्यांना तेथूनच देते. तेच गिम्प २५ वेळा उतरविण्याचा वेळ आणि डेटा वाचतो.

हे सारे मराठीतून शिकण्याची सोय आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने केली आहे. लिनक्सवरील त्यांचे छोटे दृक्-श्राव्य पाठ मराठी निवेदनासह मोफत उपलब्ध आहेत. पाठ एका खिडकीत आणि टर्मिनल दुसऱ्या खिडकीत उघडून, पाहत पाहत करीत जावे, अशी त्यांची पद्धत आहे.

राहता राहिली पावती. ॲप्टचा प्रत्येक व्यवहार मूळ फोल्डरातील ‘व्हार’, त्यातील ‘लॉग’ आणि त्यातील ‘ॲप्ट’ या फोल्डरात ‘हिस्टरी’ नावाच्या फाइलीत तारीख-वेळेसह लिहिला जातो. कोणी कोणती आज्ञा दिली, कोणती पॅकेजे आली, कोणती गेली, हे तेथे सापडते. दर महिन्याला ही फाइल बंद करून नवी उघडली जाते आणि जुन्या दाबून लहान केलेल्या रूपात बारा महिने राखल्या जातात. एखाद्या सकाळी संगणक नीट चालेनासा झाला, तर दुरुस्तीवाल्याला बोलाविण्यापूर्वी या फाइलीचा शेवटचा परिच्छेद वाचावा. आदल्या संध्याकाळी काय बसले आणि त्यासोबत काय निघून गेले, हे बहुतेक वेळा तेथेच लिहिलेले असते.